प्रकल्प नोंदी: रुथेनियमची एफसीसी फेज, आणि ५८ डिग्रीवरचा तो उंचवटा

२ जून

आजपासून रुथेनियमचं (प्लॅटिनमच्या कुळातला धातू) काम माझ्याकडे आलं. सरांनी विषय एका वाक्यात सांगितला, धातू तोच, साइज तीच, फक्त अणूंची रचना वेगळी ठेवायची आणि मग कॅटॅलिस्ट म्हणून काय फरक पडतो ते बघायचं. ऐकायला सोपं आहे पण यातलं "फक्त" हेच सगळं काम आहे.

नंतर कुणी जॉइन झालं तर वाचून कळावं म्हणून पार्श्वभूमी लिहून ठेवते. मंडईत मोसंबीचा ढीग लावलेला असतो तो डोळ्यासमोर आणा. पहिला थर लावला, दुसरा थर त्याच्या खळग्यांमध्ये बसला, आता तिसऱ्या थराला दोन पर्याय असतात. तो पहिल्या थराच्या बरोबर डोक्यावर बसला तर एबीएबी, म्हणजे एचसीपी, आणि दुसऱ्या खळग्यांत बसला तर एबीसीएबीसी, म्हणजे एफसीसी. दाटी दोन्हीत सारखीच, प्रत्येक अणूला शेजारी १२ च. फरक एवढाच की तिसरा थर कुठे बसला, पण त्यामुळे पृष्ठभागावर कोणत्या पायऱ्या, कोणते कोपरे उघडे राहतात ते बदलतं आणि रिअॅक्शन तर तिथेच होते.

रुथेनियमचा मोठा तुकडा घेतला तर तो नेहमी एचसीपीच असतो, साध्या दाबाला कितीही तापवा वितळेपर्यंत एचसीपी. कोबाल्टसारखं नाही, कोबाल्ट ४२० डिग्रीच्या आसपास स्वतःहून एफसीसी होतो. म्हणून २०१३ मध्ये क्योटो विद्यापीठातल्या कुसादा आणि कितागावा यांच्या गटाने साध्या केमिकल रिडक्शनने एफसीसी रुथेनियमचे नॅनोकण करून दाखवले तेव्हा ती मोठी गोष्ट होती. रेसिपी तशी साधी आहे, रुथेनियम अॅसिटिलअॅसिटोनेट आणि ट्रायइथिलीन ग्लायकॉल घेतलं की एफसीसी, रुथेनियम क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉल घेतलं की एचसीपी, दोन्हीकडे पीव्हीपी (एक पॉलिमर) कणांना एकमेकांना चिकटू न देण्यासाठी. त्यांनी सीओ ऑक्सिडेशनमध्ये (कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करण्यात) असंही दाखवलं की ३ नॅनोमीटरच्या वर एफसीसी जास्त सक्रिय आणि त्याखाली एचसीपी. म्हणून आमचं टार्गेट ४ नॅनोमीटरच्या आसपास, दोन्ही फेजचं (फेज म्हणजे ही थरांची रचना). साइज जुळली नाही तर आपण फेजची तुलना करतोय की साइजची हे सांगता येणार नाही.

५ जून

पहिली बॅच. १०० मिलि ट्रायइथिलीन ग्लायकॉलपैकी ८० मिलि थ्री-नेक आरबीमध्ये (तीन तोंडांचा गोल फ्लास्क), त्यात २२२ मिग्रॅ पीव्हीपी, ऑइल बाथवर २०० डिग्रीला. उरलेल्या २० मिलिमध्ये ८० मिग्रॅ आरयू-अॅकअॅक (रुथेनियम अॅसिटिलअॅसिटोनेट, आम्ही सगळे असंच म्हणतो) कोमट करून विरघळवलं, गडद लाल, कोकमाच्या आगळासारखा रंग. सिरिंज पंपाने मिनिटाला १ मिलि, म्हणजे २० मिनिटं. एकदम ओतायचं नाही, एकदम ओतलं तर आतलं तापमान पडतं आणि अणू किती वेगाने सुटे होतायत यावरचा ताबा जातो.

थेंब संपल्यावरही साधारण अर्धा तास लालसर झाक होती, मग तपकिरी, मग काळं. एकूण ३ तास. थंड करून अॅसिटोन घातलं, सेंट्रिफ्यूज, परत इथेनॉलमध्ये, परत अॅसिटोन, असं तीनदा. शंभर टक्के निघालं तरी हातात येणारं रुथेनियम फक्त २० मिग्रॅ, म्हणून ट्यूबच्या तळाशी काही सोडायचं नाही.

१२ जून

एक्सआरडीचा (क्ष-किरण टाकून अणूंची रचना ओळखायचं मशीन) स्लॉट गुरुवारी मिळाला. ज्युनिअर बरोबर आली होती, तिला समजावताना मलाच जास्त नीट कळलं म्हणून तसंच लिहिते.

एचसीपी रुथेनियमचे पहिले तीन पीक ३८.४, ४२.२ आणि ४४.० वर येतात (हे आकडे कोनाचे, पीक म्हणजे ज्या कोनाला किरण जोरात परततात ती जागा), तांब्याच्या क्ष-किरणांनी. एफसीसीचा पहिला पीक ४०.८ च्या आसपास आणि दुसरा ४७.४ ला. कागदावर यात गोंधळ व्हायचं काही कारणच नाही. पण ४ नॅनोमीटरचा कण म्हणजे थर इतके थोडे की पीकची रुंदीच २ डिग्रीच्या वर जाते, मग ३८ ते ४४ मधलं सगळं मिळून एक मोठी टेकडी दिसते आणि तिच्याकडे बघून काहीही सांगता येतं, ज्याला जे हवं ते. त्यामुळे त्या टेकडीवर विश्वास ठेवायचा नाही. दोन जागा बघायच्या. ४७.४ ला खांदा आहे का, तो एचसीपीत असूच शकत नाही. आणि ५८.३ ला काही आहे का, तो एचसीपीचा आणि एफसीसीमध्ये तिथे काहीच नसतं. ६९ चा पीक दोघांचाही येतो, तो निरुपयोगी.

आपल्या बॅचमध्ये ४७.४ चा खांदा स्पष्ट, ५८ ला सपाट! ज्युनिअरने विचारलं, "ताई, म्हणजे झालं?" म्हटलं एका बॅचवर काही होत नाही, पण खरं सांगायचं तर मी पण खूश होते.

१६ जून

एचसीपी बाजू. रुथेनियम क्लोराइड, इथिलीन ग्लायकॉल, १९० डिग्री. इथिलीन ग्लायकॉल १९७ ला उकळतं म्हणून त्याच्या वर जायला जागाच नाही, ट्रायइथिलीन ग्लायकॉल २८५ पर्यंत उकळत नाही म्हणून तिथे मोकळीक असते. ही बॅच एकदम गुणी निघाली, ५८ ला नीट पीक, ४७ ला काही नाही. भांडी धुऊन ठेवली.

२१ जून

काल पालखीमुळे रस्ते बंद होते, लॅबला पोचायलाच दुपार झाली, तरी एफसीसीची दुसरी बॅच लावली. सगळं तेच. रात्री नऊला संपली. एक गोष्ट नोंदवून ठेवते, या वेळी काळं लवकर झालं, थेंब संपल्यावर दहाएक मिनिटांतच लाल झाक गेली. आत्ता त्याचा अर्थ कळत नाहीये.

२६ जून

एक्सआरडी आला आणि तो चांगला नाही. ४७.४ चा खांदा आहे पण ५८ ला उंचवटा आहे, म्हणजे मिश्रण. सर म्हणाले परत कर. बरोबरच आहे.

१ जुलै

तिसरी बॅचही मिश्र, ५८ चा उंचवटा उलट थोडा मोठा.

इथे जरा सविस्तर लिहिते कारण गेले चार दिवस डोक्यात हेच चाललंय. काय काय बदललं असेल? पावसाळा सुरू झालाय, ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, जूनच्या सुरुवातीला हवा कोरडी होती. पीव्हीपीपण पाणी ओढते. थर्मामीटर ऑइल बाथमध्ये आहे, फ्लास्कच्या आत नाही, आतलं तापमान वेगळं असू शकतं. आरयू-अॅकअॅकची बाटली तीच. सिरिंज पंप तोच.

तापमानाचं आजच तपासलं, नुसतं ग्लायकॉल घेऊन आत प्रोब घातला. बाथ २०० दाखवत असताना आत १८८. हे मला आधीच तपासायला हवं होतं, पुढच्या सगळ्या बॅचेसना प्रोब आतच राहील. पण हा फरक पहिल्या बॅचलाही असणारच की, तेव्हा तर शुद्ध आली होती. म्हणजे ही चूक खरी आहे पण गुन्हेगार ही नाही.

५ जुलै

ग्लायकॉल व्हॅक्यूममध्ये तापवून पाणी काढलं, पीव्हीपी ओव्हनमध्ये रात्रभर, प्रोब आत, बरोबर २०० ला. चौथी बॅच. परत लवकर काळी झाली. एक्सआरडीची वाट न बघताच मला उत्तर माहीत आहे असं वाटलं.

१० जुलै

वाटलं तेच, ५८ ला उंचवटा. पण आज घाई न करता तीनही खराब पॅटर्न एकमेकांवर ठेवून बघत बसले तर एक वेगळीच गोष्ट दिसली. एफसीसीचे पीक २ डिग्रीच्या वर रुंद आहेत, म्हणजे कण ४ नॅनोमीटरचे, पण ५८ चा जो आहे तो अरुंद आहे, १.३ च्या आसपास. शेररच्या सूत्रात (पीकच्या रुंदीवरून कणाची साइज काढायचं) घातलं तर तो ७ नॅनोमीटर निघतो. म्हणजे एकाच फ्लास्कमध्ये एचसीपीचे कण एफसीसीच्या कणांपेक्षा मोठे आहेत. मोठे का? कारण त्यांनी आधी वाढायला सुरुवात केली असणार. आधी सुरुवात केली असेल तर ते लवकर काळं होणंही जुळतं, नवीन बी (ज्यावर कण वाढतो तो पहिला बारीक पुंजका) तयार व्हायला वेळ लागतो, पण आधीपासून रुथेनियमचा पृष्ठभाग हजर असला तर त्याच्यावर रिडक्शन लगेच सुरू होतं.

मग प्रश्न असा की थेंब पडायच्या आधीपासून फ्लास्कमध्ये एचसीपी रुथेनियम कुठून आलं?

ज्युनिअर शेजारी बसून चहा पीत होती, ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे दुधाच्या पातेल्याला कालच्या दह्याचं जरा जरी लागलेलं राहिलं तरी दूध फाटतं, आई म्हणते विरजण पातेल्यातच बसलेलं असतं." मी उठून मॅग्नेटिक बीडच्या (फ्लास्कमध्ये ढवळण्यासाठी टाकायचा चुंबक) ट्रेकडे गेले. जो बीड मी वापरतेय तो पांढरा नाहीये. टोकांना राखाडी-काळा आहे. तोच बीड, तोच फ्लास्क १६ जूनच्या एचसीपी बॅचला होता.

११ जुलै

रात्री झोप लागली नाही नीट, सकाळी लवकर येऊन सगळं मांडलं. क्रम असा: ५ जूनची बॅच नवीन फ्लास्क, नवीन बीड, शुद्ध एफसीसी. १६ जूनला त्याच भांड्यात एचसीपी. त्यानंतरच्या सगळ्या एफसीसी बॅचेस मिश्र.

आणि मी भांडी धुतली नव्हती असं नाही. दर वेळी आम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण) रात्रभर ठेवली होती, लॅबमध्ये तीच पद्धत आहे, सोनं निघतं, प्लॅटिनम निघतं, पॅलेडियम निघतं. पण रुथेनियम आम्लराजात विरघळत नाही! पुस्तकातली गोष्ट, कधीतरी परीक्षेत लिहिलेलीही असेल, पण सिंकसमोर उभं राहून ती आठवली नाही. सोन्यावर काम करणाऱ्यांची धुण्याची सवय आम्ही जशीच्या तशी रुथेनियमला लावली.

बीडवरचा टेफ्लॉन वापरून वापरून खरवडला जातो, त्या खाचांमध्ये धातू बसतो आणि निघत नाही. काचेवरही एक कडं आहे, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतं.

यातली गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे बी देऊन फेज ठरवणं ही या क्षेत्रातली मान्य पद्धत आहे. सिंगापूरमध्ये हुआ झांग यांच्या गटाने सोन्याच्या ४-एच फेजच्या (थरांचा आणखी एक वेगळा क्रम) नॅनोरिबन केल्या आणि त्यांच्यावर चांदी, पॅलेडियम, प्लॅटिनम चढवलं तर वरच्या धातूनेही खालचीच रचना उचलली. यूनान शिया यांच्या गटाने पॅलेडियमच्या घनाकृती कणांवर रुथेनियमचे थर चढवून ते एफसीसी ठेवले, पॅलेडियमचा लॅटिस (अणूंच्या जाळीतलं अंतर) ३.८९ अँगस्ट्रॉम आणि एफसीसी रुथेनियमचा ३.८३, दीड टक्क्याच्या आसपास फरक, म्हणून वरचा थर खालच्याचं ऐकतो. आमच्या फ्लास्कमध्ये हेच होत होतं, फक्त बी आम्ही टाकलेलं नव्हतं.

१२ जुलै

साफ कसं करायचं यावर सरांशी बोलले. सोडियम हायपोक्लोराइटने रुथेनियम विरघळतं, पण द्रावण जरा जरी आम्लाकडे गेलं तर रुथेनियम टेट्रॉक्साइड तयार होतं, ते खोलीच्या तापमानालाच उडतं, विषारी आहे आणि डोळ्यांवर जाऊन बसतं. आमच्या हूडमध्ये (वायू बाहेर ओढणारं कपाट) आणि इतक्या लोकांच्या ये-जा मध्ये मला ते करायचं नाही. सरांनाही पटलं. ठरलं असं की साफ करायचंच नाही, वेगळं करायचं. एफसीसीचे दोन फ्लास्क निळ्या टेपचे, एचसीपीचे लाल टेपचे, बीड प्रत्येक बॅचला नवीन आणि वापरलेला बीड हेवी मेटलच्या डब्यात. नवीन बीड महाग नाही, माझे पाच आठवडे त्याहून महाग होते.

१५ जुलै

नवीन फ्लास्क, नवीन बीड, पाचवी बॅच. स्टॉपवॉच लावून बसले होते. थेंब संपले, पाच मिनिटं, दहा, वीस, लाल झाक तशीच. अठ्ठावीसाव्या मिनिटाला तपकिरी. इतकं बरं वाटलं.

२४ जुलै

दोन एक्सआरडी एकत्र. पाचवी बॅच स्वच्छ, ५८ ला सपाट. आणि सहावी बॅच मी मुद्दाम केली, नवीन फ्लास्क, तीच बाटली, तोच दिवस, फक्त बीड तो जुना काळा. सहावीत उंचवटा परत आला, आणि परत अरुंद.

सर म्हणाले आता विश्वास बसला. मला वाटतं सहावी बॅच ही या सगळ्या महिन्यातली सगळ्यात कामाची बॅच आहे, कारण नुसती पाचवी चांगली आली असती तर मी म्हटलं असतं बीड बदलला म्हणून झालं, पण तेवढ्यात हवा बदलली असेल, पीव्हीपी वाळवली म्हणून झालं असेल, काहीही असू शकलं असतं. बिघडवून दाखवता आलं तेव्हाच कारण सापडलं असं म्हणायचं.

तरी किती टक्के एचसीपी होतं ते मी आकड्यात लिहिणार नाहीये. इतक्या रुंद पीकवर रीटवेल्ड फिट (पूर्ण पॅटर्नला गणिती वक्र जुळवणं) केलं की सॉफ्टवेअर दशांश चिन्हासकट आकडा देतं, पण सुरुवातीचे पॅरामीटर जरा हलवले की तो आकडाही हलतो. "५८ ला दिसतं" किंवा "दिसत नाही" एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

३१ जुलै

टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. ऑपरेटर काकांनी दोन तास दिले, नेहमी एकच मिळतो. पाचव्या बॅचचे कण ४ च्या आसपास, बरेचसे एकसारखे. थरांमधलं अंतर २.२१ अँगस्ट्रॉम, एफसीसीच्या १११ (सगळ्यात दाट) थरांचं तेवढंच येतं. पण काही कण असे की मध्यातून पाच रेषा निघतात, पाच पाकळ्यांसारखे, म्हणजे पाच तुकडे एकमेकांना आरशातल्या प्रतिमेसारखे जोडलेले. त्या जोडरेषेवर थरांचा क्रम उलटतो, तेवढ्या एका ठिकाणी एचसीपीसारखीच मांडणी असते. म्हणजे "शुद्ध एफसीसी" हा शब्द वापरताना जपून वापरायला हवा, रिपोर्टमध्ये मी "५८.३ चा पीक न दिसणारी एफसीसी" असं लांबलचक लिहिलंय. सर ते कापतील बहुतेक, पण मी एकदा भांडून बघणार.

सहाव्या बॅचमध्ये काही कण ठळकपणे मोठे, त्यातल्या एकाचा एबीएबी क्रम सरळ डोळ्यांनी मोजता आला.

१४ ऑगस्ट

सीओ ऑक्सिडेशन. गॅमा अॅल्युमिनावर वजनाने १ टक्का रुथेनियम, क्वार्ट्झ ट्यूब, जीसी (वायू वेगळे करून मोजणारं मशीन). सीओचा अलार्म चालू आहे की नाही ते दर वेळी स्वतः बघायचं, दुसऱ्याने बघितलंय यावर राहायचं नाही, सीओला ना वास ना रंग.

एफसीसी, एचसीपी आणि ती मिश्र चौथी बॅच असे तीन नमुने, प्रत्येकी तीन रन. एफसीसीने आधी सुरुवात केली, फरक मोठा नाही पण तिन्ही रनमध्ये त्याच बाजूला. क्योटोच्या लोकांनी ३ नॅनोमीटरच्या वर जे सांगितलं त्याच दिशेला. मिश्र बॅच मात्र मधोमध आली नाही, ती जवळजवळ एचसीपीच्याच आकड्यांवर बसली. मोठे कण असले की पृष्ठभाग कमी, शिवाय फेज मिश्र, दोन्ही परिणाम एकत्र.

हे बघून बराच वेळ बसून राहिले. मी जर दुसऱ्या बॅचनंतर "४७ चा खांदा दिसतोय ना, मग एफसीसी" म्हणून पुढे गेले असते, तर आज रिपोर्टमध्ये लिहिलं असतं की फेजने काही फरक पडत नाही. आकडे खरे असते, रन तीनदा केलेले असते, आणि निष्कर्ष चुकीचा असता. आणि तो वाचून पुढचा कुणीतरी दोन वर्षं दुसरीकडे गेला असता.

२५ ऑगस्ट

सरांचा प्रश्न, रिअॅक्शननंतरही ती एफसीसीच आहे याचा पुरावा काय? प्रश्न योग्य आहे. एचसीपी हीच स्थिर फेज, तापवलं की तिकडे जायची ओढ असणारच. शिवाय ऑक्सिजनमध्ये पृष्ठभागावर रुथेनियम डायऑक्साइडचा थर येतो आणि मग काम नक्की कोण करतंय हा वेगळाच प्रश्न.

अडचण अशी की गॅमा अॅल्युमिनाचे स्वतःचे पीक ३७.६, ४५.८ आणि ६६.९ ला आहेत, १ टक्का रुथेनियम त्यात पूर्ण बुडतं. म्हणून अॅल्युमिना सोडून सिलिकावर १० टक्के लोड केलं. सिलिका अमॉर्फस (अणूंची ठरावीक रचना नसलेली), तिची एकच रुंद टेकडी २२ च्या आसपास, आपल्या भागात मैदान मोकळं.

परवापासून गणपती, पाच दिवस घरी जातेय. नमुने डेसिकेटरमध्ये ठेवले, वर लेबल, लेबलवर तारीख.

४ सप्टेंबर

सिलिकावरच्या एफसीसीचा वापरानंतरचा एक्सआरडी. ४७.४ चा खांदा जागेवर. ५८ ला काही उठलेलं नाही. २८.० ला एक बारीक, रुंद उंचवटा आलाय, तो रुथेनियम डायऑक्साइडचा पहिला पीक, ३५.१ लाही अगदी पुसट काहीतरी. म्हणजे आतली रचना टिकली आणि बाहेर ऑक्साइड चढलाय. थर किती जाड ते लॅबच्या मशीनवर कळणार नाही.

इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) बीमटाइमचा, म्हणजे ते वापरायला वेळ मिळावा असा, अर्ज करायचं ठरलंय, तिथे एक्सआरडीची बीमलाइन आहे, सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात तीव्रता इतकी जास्त असते की १ टक्क्याचा खराखुरा नमुनाही बघता येईल. प्रपोजलचा पहिला मसुदा ज्युनिअरला लिहायला दिलाय, शेररची ती ७ आणि ४ ची तुलना तिने पहिल्याच परिच्छेदात घातली आहे.

निळ्या टेपचा तिसरा फ्लास्क काल आला. सातवी बॅच सोमवारी.